अप्पांना मारू नका

मालिका इतकी वर्षं चालली होती की त्या दोघांना खऱ्या नावाने हाक मारणारं युनिटमध्ये कुणी उरलंच नव्हतं. पडद्यावरचे नवरा-बायको, माई आणि अप्पा. माईंचा खरा नवरा घरी थट्टेने विचारायचा, "आज काय म्हणाले तुझे ते?"

जुन्या स्टुडिओची जागा विकली गेली आणि मालिकेचं बिऱ्हाड शहराबाहेरच्या नव्या स्टुडिओत हललं. जेवणाचं टेबल, कपाटं, पडदे, सगळं ट्रकमधून गेलं. घर जसंच्या तसं उभं राहिलं. फक्त खोल्या ऐसपैस झाल्या आणि कॅमेऱ्याच्या सोयीसाठी स्वयंपाकघराची खिडकी बाजूच्या भिंतीत गेली. सगळे खूश होते. मेकअपच्या खोल्यांत नळाला गरम पाणीसुद्धा होतं.

पहिल्याच दिवशी अप्पा अडकले. वाक्य साधंच होतं, "पोरांना काही सांगू नकोस, मी बघतो." अप्पा ओट्यापाशी आले, वळले आणि थांबले. चेहरा कोरा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दिग्दर्शिका त्यांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "अप्पा, दमलात. चहा घेऊ या."

गेलं वर्षभर माई अप्पांच्या वाक्यातला एखादा शब्द हळूच आपल्या वाक्यात पेरत आल्या होत्या. वय झालंय, चालायचंच, अशी मनाची समजूत घालत. आज तेवढ्याने भागलं नव्हतं.

त्या अप्पांच्या खोलीत गेल्या. अप्पा आरशाकडे पाठ करून बसले होते.

"तिकडे खिडकीच्या गजाला हात लावला की वाक्य आपसूक यायचं गं," ते म्हणाले. "इथे हात नेला तर भिंत."

"मुलीला सांगितलंत?"

"तिला वाटतं, मी फक्त चष्मा विसरतो."

आठवडाभर माईंनी दुपारच्या सुट्टीत त्यांना सेटवर फिरवलं. इथे हे वाक्य, तिथे ते. सुट्टीत जमायचं, चित्रीकरणाचे दिवे लागले की सगळं पुसलं जायचं. शेवटी दिग्दर्शिकेने माईंना बाजूला घेतलं. तिचे डोळे सुजले होते.

"वरून सांगितलंय, माई. लेखक म्हणतोय, अप्पांना झोपेत जाऊ दे. फार सुंदर भाग होईल."

"त्या माणसाला त्याच्याच मरणाचा प्रसंग पाठ करायला देणार तुम्ही?"

"त्यात संवाद नाहीत," दिग्दर्शिका बोलून गेली आणि तिने जीभ चावली. माईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं.

परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून त्या अप्पांकडे गेल्या. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मारू नका म्हणावं मला. नात रोज बघते मालिका. मी सोफ्यावर तिच्या शेजारी बसलेलो आणि समोर मी मेलेला. बरं दिसतं का ते?"

"मग काय करायचं?"

"मालिकेतल्या लेकीकडे पाठवा की मला. ती परगावी दिलीय, तिची कुणाला आठवणही नाही. तिथून फोन करत जाईन. फोनवर काय, कागद बघून वाचता येतं."

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीलाही स्वतःच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. "फोनच्या वेळी मी बसेन त्यांच्याजवळ," एवढंच दिग्दर्शिकेला म्हणाली. लेखकाने आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच उत्साहाने पहिला फोन लिहून आणला.

आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवू, असं ठरत होतं. माई अडून बसल्या. "पलीकडे ते असले तरच मी बोलेन."

चित्रीकरणाच्या दिवशी माईंनी फोन कानाला लावला. पलीकडून अप्पांनी दोन-तीन वाक्यं खणखणीत वाचली. मग थांबले. कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिकडे पाऊस आहे का गं?"

हे कागदावर नव्हतं. दिग्दर्शिकेने कट म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"भुरभुर आहे," माई म्हणाल्या.

"मग बाहेरचे कपडे आत घे. तू विसरतेस."

"घेते हो."

ध्वनिमुद्रकाला नंतर त्या प्रसंगात पाऊस घालावा लागला, आणि पुढच्या प्रसंगातही, कारण तो लगेच थांबणं बरं दिसलं नसतं.

पुढे पुढे अप्पा कागद हातात घेईनासे झाले. सुचेल ते विचारायचे, माई सुचेल ते सांगायच्या. लेखकाने ते फोन लिहिणंच सोडून दिलं. एका आठवड्यात अप्पा काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. मुलगी पलीकडून पुटपुटली, "ऐकतायत ते. हसतायत."

मग माई एकट्याच बोलत राहिल्या. घरातलं, पोरांचं, कुणाचं काय चाललंय ते सगळं.