टिनावर फेकलेला छल्ला

मित्रांनो, मी करंगळीच्या नखाएवढा स्टीलचा छल्ला आहे. मला तारेची एक कमान आहे. सध्या हिवरखेडात एका घराच्या छपरावर, टिनावर पडलो आहे आणि रागाने इतका तापलो आहे की माझ्यावर पापड भाजून घ्या.

सात वर्षांच्या आकांक्षाची दुधाची दाढ किडली, ती वेळेआधी काढावी लागली. त्या जागी पक्की दाढ यायला चार वर्षं होती. तोवर जागा राखायला अकोटच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी मला मापाने घडवून मागच्या दाढेवर चिकटवलं. माझी कमान पुढच्या दाताला टेकली.

"ढिला झाला तं त्याच दिवशी डबीत घालून आणा," त्यांनी आकांक्षाच्या आईला, जमुनाला, बजावलं. "मागची दाढ पुढं सरकाले टपूनच असते."

टपून कसली, ती तर बैलजोडी जुंपून रेटत होती. सहा महिने मी तिला तसूभर हलू दिलं नाही. शेंदूरजनाघाटची शंभर गाड्या संत्री माझ्यावरून गेली. खोटं वाटत असेल तर आकांक्षाला विचारा, नव्वद तरी ती कबूल करेल.

मग संक्रांत आली. आजोबा वामनरावांनी नातीला चिवट रेवडी दिली. "खाय वं, कायी होत नाही." मी रेवडीला चिकटून बाहेर आलो. आणि पडलेला दुधाचा दात फेकतात तसं वामनरावांनी मला टिनावर भिरकावलं, वर उंदराकडे नवा दातही मागितला.

जमुना शेतातून आली. "मामंजी, डबीत ठेवाले सांगतलं होतं नं."

"दातच नाही राह्यला सुनबाई, मंग पहारा कायले?"

अहो, दात नाही म्हणूनच तर पहारा होता. पण तुरी निघाल्यावर जाऊ, असं म्हणता म्हणता चैत्र उजाडला.

काल मायलेकी अकोटहून परतल्या. जमुना अंगणात सांगत होती, जागा अर्धी बुजली. आता आधी दाढ मागे ढकलायची, त्यासाठी अकोल्याच्या चकरा.

"आबाजी, मंग माया नवा दात कुठून येईन?" आकांक्षानं विचारलं.



मित्रांनो, दुधाचा दात पडणारच आहे, असं म्हणून त्याला वाऱ्यावर सोडू नका. आमच्यातला कोणी निखळला तर डबीत घाला आणि पहिली एसटी धरा.

माझ्यापासून वीतभर अंतरावर आकांक्षाची ती काढलेली दाढ पडली आहे. तीही वामनरावांनीच फेकलेली. जिची जागा राखायची ती इथे, राखणारा इथे. तिकडे जागेवर कोणीच नाही.