अवसेची भरती

सत्यवान मास्तरांना मरायचं नव्हतं. हे कुणाला सांगायची वेळ आजवर आली नव्हती, कारण गेली बारा वर्षं ते कवितेतून नेमकं उलटं सांगत होते आणि त्या कविता कुणी वाचत नव्हतं.

घोटाळा झाला तो समाजशिक्षणामुळे. अठ्ठावन्न साली विकास गटाच्या कचेरीतून पत्र आलं की, जिथे वाचनालय आहे तिथे महिन्याभरात काव्यवाचन व्हावे. ग्रामीण जनतेस साहित्याची गोडी लावणे अगत्याचे आहे. आचऱ्याच्या खाडीकाठच्या त्या वाडीत वाचनालय म्हणजे एक खोली, एक कपाट आणि चिटणीस म्हणून सत्यवान मास्तर. खोलीत सहा माणसं मावत, तीही एकमेकांशी बोलत असली तर. म्हणून कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात ठरला आणि माणसं जमवायचं काम लवू घाडीकडे गेलं.

लवू म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. कुणाची म्हैस हरवो की कुणाचा मुलगा मुंबईला नोकरीला निघो, लवू देवापुढे उभा राहून मागणं मांडणार आणि मागे बसलेले पुरुष दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणार. एकदा तसं म्हटलं की मागणं एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं. आणि गावाचं मागणं देव सहसा परत पाठवत नाही. लवूने नेहमीसारखा ढोल वाजवला. काव्यवाचन म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. गावातल्या कुणीच विचारलं नाही.

रविवारी दुपारी चारला मंडप भरला. मास्तर लवूच्या जागेवर उभे राहिले, कारण वाचण्यापुरता उजेड तिथेच होता. कचेरीतून आलेले संघटक डायरी उघडून कोपऱ्यात बसले. मास्तरांनी घसा साफ केला.

'श्रांत जिवाला या, हे सिंधो, घे तू आपुल्या उदरी...'

ओळ संपली तशी लवूची मान सवयीने हलली आणि दीडशे गळ्यांतून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी दाद दिली होती.

'पुसून टाक रे नाव माझे वाळूवरुनी सत्वरी...'

"व्हय म्हाराजा."

'येत्या अवसेच्या भरतीला मी उभा तुझ्या उंबऱ्यावरी!'

इथे आवाज एवढा मोठा झाला की मास्तरांनी ती ओळ तीनदा म्हटली. संघटकांनी डायरीत 'श्रोत्यांचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहून खाली रेघ मारली. खरं तर त्या ओळीत मास्तरांना पौर्णिमाच हवी होती, पण ती मात्रांत बसत नव्हती. अवस बसली. ती अकरा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तरीवर गेले. त्यांची शाळा खाडीपलीकडे होती. शिवा तारी होडी पाण्यात ढकलत होता, तो थांबला. बाकीच्यांना त्याने बसवलं; मास्तरांचा पाय उचलला गेला तसं वल्हं आडवं धरलं.

"मास्तरांनू, तुमका गावान दर्याक दिल्यान," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मधी माझी होडी कित्याक?"

मास्तर हसले. मग होडीतलं कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवशी ते खाडीला वळसा घालून सात मैल चालत शाळेत गेले आणि वाटेत स्वतःला समजावत राहिले की आपण ट्रेनिंग कॉलेजात शिकलो आहोत. चिखलातून चालताना हा युक्तिवाद तिसऱ्या मैलापर्यंत टिकला.

नंतर गाव प्रेमाने वागू लागलं, आणि मास्तर खरे घाबरले ते तेव्हा. शेजारच्या राधाबाईंनी कधी सुपारीचं खांड दिलं नव्हतं. त्यांनी घावणे पाठवले आणि 'खावन घेवंदेत' असा निरोप दिला. वाचनालयाची तीन वर्षं अडकलेली पुस्तकं लोक आपण होऊन आणून देऊ लागले. महादू सुताराने मास्तरांकडे बघताना जणू तिरडीसाठी त्यांची उंची डोळ्यांनी मापली, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी समुद्राकडे बघणं सोडलं. पण पाठ फिरवली की तो जास्त ऐकू येई.

घरी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी ताट वाढताना एवढंच म्हणाल्या, "जावचा होता तर आधी माका इचारूक व्हया होता." मास्तरांनी कल्पना, अलंकार वगैरे सांगायला तोंड उघडलं, तर त्या आत निघून गेल्या.

तेव्हा मास्तर लवूकडे गेले आणि काव्यात सगळं शब्दशः घ्यायचं नसतं, हे त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. लवूने विडी विझू दिली.

"मगे देवाम्होरं खोटा बोललास?"

होय म्हणावं तर देवापुढे लबाडी, नाही म्हणावं तर अवस.

लवूने मग नियम सांगितला. गावाने होकार भरून मागणं आपलं केलं, पण ते मांडलं मास्तरांनी. ते ज्याने मागितलं त्यानेच, त्याच जागी, त्याच माणसांपुढे परत घ्यायचं, आणि तेही भरती चढायच्या आत. लवूला ते घेता येणार नाही.

अवसेच्या दिवशी भरती दुपारी बाराला होती. मास्तर दहालाच देवळात पोचले. रात्रंदिवस खपून केलेली चोवीस ओळींची कविता हातात होती, पण तिच्यातही अलंकार होतेच. बाहेर खाडीचं पाणी वाढल्याचा आवाज येत होता. मंडप गच्च भरला होता. खांबामागे बायका होत्या.

मास्तरांनी कागद खिशात घातला.

"म्हाराजा," ते म्हणाले, "माका जावचा नाय."

होकार आला नाही.

"मी लिवलंय ता बरा दिसता म्हणान लिवलंय. माका भय वाटता."

लवूची मान हलली नाही. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं, म्हणून जे तोंडात आलं ते ते बोलत गेले. "चौथीक सतराचो पाढो येणा नाय, तो शिकवचो आसा. परसातल्या केळीक घड येवचो आसा. उद्या सकाळी उठान पेज जेवची आसा, हिच्या हातची."

पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागल्याचं ऐकू आलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"व्हय म्हाराजा."

आवाज एकच होता, बाईचा, खांबामागून. बायकांनी तिथे होकार भरायची रीत नव्हती. पुरुषांनी माना वळवल्या. सुशीलाबाईंनी पदर सारखा केला आणि परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने, जरा वैतागून. लवूने देवाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि मान हलवली. मग सगळा मंडप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाने होडी थांबवून जागा केली. मास्तर दोन्ही काठ घट्ट धरून बसले. खाडीच्या मध्यावर शिवाने विचारलं की कचेरीवाले म्हणे परत काव्यवाचन ठेवतायत, मग नवी कविता लिहिणार का? मास्तर हो म्हणाले.

वल्हं थांबलं. "कशार?"

मास्तरांनी पाण्याकडे एकदा बघून घेतलं. होडीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पेजेर," मास्तर म्हणाले.

शिवाने जरा विचार केला आणि वल्हं पाण्यात घातलं.