टेपमधल्या रिकाम्या जागा

बाबाने घरी बांधलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मी अकरा वर्षांनी सुरू केला, तेव्हा आई शिलाई मशीनवरून ओरडली, "घरात गिरणी काढलीयेस का?"

आवाज होताच तसा. जाड, एकसुरी घूंऽऽ. गिटारची वायर काढली, तरी घूं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी तेवढंच. पहिला व्हॉल्व्ह उपटला, तरी फरक नाही. म्हणजे दोष गिटारकडून येत नव्हता, वीज पुरवणाऱ्या भागातच होता. मीटरने मोजलं तर शंभर हर्ट्झ. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की त्याचे शंभर हेलकावे होतात, आणि ते गुळगुळीत करायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. तो निकामी झालेला असणार.

मला हे घुमणं नको होतं, कारण मला बाबाबरोबर वाजवायचं होतं.

बाबाची एक टेप आहे. मी नऊ वर्षांची असताना त्याने ती माझ्यासाठी भरली. एक ओळ तो वाजवतो, मग म्हणतो, "हं, टिटवे, आता तू," आणि चार ठोके मोकळे सोडतो. माझा पंजा मोठा झाला की त्या जागा भरायच्या असं ठरलं होतं. टेप भरली त्याच वर्षी तो गेला. मी गिटार शिकले ती त्या जागांसाठी.

"एक हात पाठीमागे!" मी अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत स्क्रूड्रायव्हर घातला तेव्हा आई कापडावरची नजर न काढताच म्हणाली.

"आई, प्लग काढलाय."

"काढलेला असो. तुझ्या बाबाचा नियम आहे. यात मेलेली वीजसुद्धा चावते म्हणायचा. दोन्ही हात आत घालायचे नाहीत."

बरोबर होतं. कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. मी डावा हात पाठीमागे धरला, रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा केला, मीटरवर शून्य पाहिलं, मगच पुढे गेले. जुना कंडेन्सर टोकाला फुगला होता. बाबाच्या ड्रॉवरमध्ये अगदी तसाच एक पाकिटबंद सापडला, कधीच न वापरलेला.

"हा आणून बसवला का नाही?"

"टेप भरायच्या आधीपासून पडलाय. मी दहादा म्हटलं, ती घरघर घालव. तर म्हणे, राहू दे, कामाची आहे. आळशी माणूस, दुसरं काय!"

पडून पडून तोही बाद झाला असणार, म्हणून मी बाजारातून ताजा आणला. तो बसवला, व्हॉल्व्ह तापले, आणि पेटीतून काहीच आलं नाही. घूं नाही, खरखर नाही. मी स्वतःवर जाम खूश झाले.

गिटार सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर काटेकोर लावली, टेप सुरू केली, आणि "आता तू" झाल्यावर माझी ओळ वाजवली. पुढच्याच क्षणी बाबाची ओळ आली आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेलो.

"तू बेसूर आहेस," आई म्हणाली.

"मी नाही, बाबा आहे. थोडा चढा. यंत्र दाखवतंय बघ."

"यंत्राला काय विचारतेस? त्याच्याकडे कुठे होतं यंत्र? आधी हा डबा सुरू करायचा, मग कान टेकवून तारा पिळत बसायचा. मला वाटायचं, तापायची वाट बघतोय."

मी टेप मागे नेली.

"आता तू" नंतरची जागा मी इतकी वर्षं रिकामी समजत होते. तिथे घूं होतं. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, अठ्ठ्याण्णव हर्ट्झचा सूर येतो. बाबा तो घूंच्या शंभराशी जुळवून लावत होता. घूं आणि गिटार एकाच टेपवर आहेत, टेप हळू-जलद झाली तर दोन्ही सारखेच सरकणार.

ती जागा पुन्हा पुन्हा लावून मी जाड तार तिसऱ्या फ्रेटला दाबून छेडली. दोन सूर जवळजवळ असले की आवाज लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. सेकंदाला साधारण दोन लाटा. मी खुंटी पिळत गेले. एक लाट. अर्धी. मग लाटच उरली नाही. बाकीच्या तारा तिच्यावरून लावल्या.

नवा कंडेन्सर काढला नाही. जुना पुन्हा बसवणं धोक्याचं होतं, आणि मला हवं ते घूं टेपवर होतंच.

"हं, टिटवे, आता तू."

आईचं मशीन थांबलं. मी वाजवलं. तिसरा ठोका जरा घाईत गेला. मी नऊ वर्षांची असते तर तो थांबला असता, हसला असता, "पुन्हा" म्हणाला असता. मी तशी वाट पाहिलीही.

चार ठोके संपले आणि बाबा आपल्या वेळेवर आत आला, माझ्याच सुरात.