बाबांची बोलती दुरुस्ती

दादा दुपारी येणार होता आणि बाबांनी अजून मशीन उघडलंसुद्धा नव्हतं. अंगणात जुनी चादर पसरून ते नट खोलायचे पाने एका ओळीत मांडत बसले होते. मी पायरीवर बसत होते, उठत होते, फाटकापर्यंत जाऊन परत येत होते.

पैज त्यांचीच. आई गेल्यापासून ते या घरात एकटेच राहतात. मी पलीकडच्या गल्लीत. हल्ली विसरतात. दादाने फोनवरच निकाल लावून टाकला होता, की बाबांना त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला जुनी हौस. तेव्हा बाबा म्हणाले, "गवत कापायचं मशीन बंद पडलंय. ते माझं मी सुरू केलं तर इथेच राहीन. नाही झालं तर गुपचूप गाडीत बसेन." दादा लगेच कबूल झाला. मशीन कधीपासून धूळ खात पडलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, हात चालवा ना जरा!"

"घाईबाई, आधी घोडं कुठं पेंड खातंय ते तरी बघू दे."

बाबा कारखान्यात फिटर होते आणि प्रत्येक काम बोलून करतात. जे हाताने करायचं ते तोंडाने म्हणायचं. आई म्हणायची, यांना बायको नको होती, श्रोता हवा होता.

"प्लग काढला. काळा पडलाय. घासला." त्यांनी प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. "ठिणगी आहे. म्हणजे दुखणं पोटाचं आहे." टाकीतल्या पेट्रोलला कुबट वास येत होता. ते ओतून टाकलं, नवं भरलं, प्लग जागेवर लावून पुन्हा दोरी ओढली. मशीन खोकलंसुद्धा नाही.

"कॉक बंद," बाबा म्हणाले आणि पेट्रोल खाली येऊ नये म्हणून टाकीखालचा खटका आडवा केला. मग कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाला पिवळा चिकट साका बसला होता. त्यांनी बारीक तारेने भोक मोकळं केलं, वाटी पुसली. हात जरासुद्धा थरथरत नव्हते. "वाटी बसवली. नट आवळला. फिल्टर झटकला, लावला. ओढतो."

ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही.

त्यांनी प्लग काढून पाहिला. कोरडा ठणठणीत. "पेट्रोल पोचत नाहीये," ते स्वतःशीच म्हणाले. प्लग परत लावला, मशीनकडे बघत राहिले आणि मग पाणी प्यायला आत गेले.

माझी नजर टाकीखाली गेली. खटका अजून आडवाच होता. "कॉक चालू" हे ते म्हणालेच नव्हते.

सांगावं? सांगितलं तर "माझं मी" कुठे राहिलं? आणि दादाने तर विचारायच्या आत बॅग भरली असती. आत नळ वाहत होता. मी वाकले आणि खटका उभा केला. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

बाबा बाहेर आले तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दादा उतरतोय न उतरतोय तोच बाबांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मशीन असं खेकसलं की दादा दचकून मागे सरला.

"बरं बाबा, जिंकलात," तो ओरडून म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "राहा इथेच."

मी नाचायचीच बाकी होते. बाबांनी एक पट्टा कापला, मशीन बंद केलं आणि टाकीखाली बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

"कॉक बंद म्हणालो होतो मी. चालू म्हटलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू उघडलास?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मग काय बिघडलं? एवढासा तर खटका!"

"एवढासाच असतो. परवा गॅसचाही एवढासाच होता. बटण फिरवलं आणि लायटर शोधायला आत गेलो, तो पेपरच वाचत बसलो. वास आला तेव्हा कळलं."

दादा पायरीवर टेकला. मला मात्र बाबांचा असा राग आला की काय सांगू. "हे आत्ता सांगायचं होतं? जिंकल्यावर?"

"हरल्यावर सांगितलं असतं तर रडगाणं वाटलं असतं," बाबा म्हणाले. मग दादाकडे वळून, "तू सामान काढायला घे. मी एवढं गवत पुरं करतो, मग निघू."

दादा मान खाली घालून आत गेला. बाबांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि सरळ रेषेत पुढे निघाले. मी तिथेच उभी राहून मोठ्याने रडले. त्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.