थोरल्यानं बोळा काढला

"त्या म्हशीला सांगा कुणीतरी, आज पाणी पिऊ नको म्हणावं. माणसं भिजत घातलीयत हौदात!"

थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ कधी बोलत नसे. जे ओकायचं ते म्हशीपुढे, कुत्र्यापुढे नाहीतर भावापुढे ओकायचं आणि धाकटीनं त्यातला आपला वाटा वेचून घ्यायचा, असा त्या घरचा रिवाज.

धाकटी छातीभर पाण्यात, पदर खोचून, हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती. कडब्याच्या गंजीवरून पडून तिचा खुबा मोडला होता. दवाखान्यात सळई घातली, हाड सांधलं. पण जमिनीवर पाय टेकला की कळ मस्तकात जायची. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, पाण्यात चाल. पाणी अंगाचा भार उचलतं, पाय मोकळा होतो. आणि एवढं खोल, उतरायला पायऱ्या असलेलं पाणी दोघा भावांच्या सामाईक मळ्यातल्या या हौदातच होतं.

"भाऊजी, तुमची म्हैस यात मुतते तेव्हा पाणी गोड होतं का?"

"तुझ्या बायकोला सांग," थोरला भावाकडे वळला, "हा हौद आहे, दवाखाना नाही!"

भाऊ खुरप्याची धार बघू लागला. भांडण पेटलं की या माणसाला हमखास धार बघायची असायची.

"त्यांना काय सांगता? मला सांगा!" धाकटीनं पाण्यावर हात आपटला. "गंजी कुणाची होती? तुमची. 'तुझी बायको हलकी आहे, तिला चढव वर,' यांना कोण म्हणालं? तुम्ही. आता कोपऱ्यात बसवून दोन घास घालाल आणि येता-जाता लंगडी म्हणाल. तसलं बसून खाणं नकोय मला. मला चालायचंय!"

थोरल्याचा चेहरा जांभळा झाला. तो हौदामागे गेला आणि तळाच्या नळीत ठोकलेला चिंध्यांचा बोळा त्यानं हिसडून काढला. पाणी भसाभसा पाटात धावलं.

"निघेल आता मुकाट!" तो म्हणाला. हे बहुधा बांधाला सांगितलं असावं.

धाकटीच्या काखेला वारा लागला. पाणी उतरू लागलं तसं तिचं स्वतःचं अंग तिच्याच पायांवर येऊन बसू लागलं, भिजल्या पोत्यासारखं. काठी पार पायरीपाशी, ती पलीकडच्या भिंतीला.

नवऱ्यानं खुरपं टाकलं. "हात दे, ओढून घेतो वर."

"हात लावाल तर बघा! इतके दिवस तोंडाला कुलूप, आता हात सुटले होय?"

ती निघाली. पाणी कमरेवर आलं, खुब्यात कळ उठली. "तुमच्या गंजीला वाळवी लागो!" एक पाऊल. पाणी मांडीवर आलं. "तुमचा बैल तुम्हालाच हुंगून तोंड फिरवो!" दुसरं पाऊल. दुखण्यापेक्षा राग मोठा होता, आणि शिव्यांचा साठा हौदापेक्षा खोल. घोट्याएवढं पाणी उरलं तेव्हा ती काठीपाशी पोहोचली होती. काठी तिनं घेतली नाही. तळाच्या हिरव्या चिखलात, कशालाही न धरता, दोन्ही पायांवर थरथरत उभी राहिली.

नवरा बघतच राहिला. शिव्या थांबल्या म्हणून थोरला भिंतीवरून डोकावला. त्याचं तोंड उघडं पडलं.

"शेवाळ आहे," तो म्हणाला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सरळ तिलाच. "घसरशील."

धाकटीनं डोळे पुसले. कळ अजून खुब्यात ठणकत होती.

"बोळा घाला आधी," ती म्हणाली. "आणि मोटर चालू करा. उद्या सकाळी पाणी हवंय मला. छातीभर नको. कमरेएवढंच भरा."