धुराड्याला बांधलेला दोर

सकाळपासून गवंडी आणि त्याची बायको एकमेकांशी बोलत नव्हते. आदल्या संध्याकाळी भावजयीसमोर तो म्हणाला होता, "हिने कालवलेला चुन्याचा माल म्हणजे नुसतं ताक!" सगळे खो खो हसले आणि हिच्या तोंडाला कुलूप लागलं. तरी कामाला दोघं बरोबरच आली. भरली बादली वर जायची, रिकामी खाली यायची. शब्द तेवढा जात-येत नव्हता.

घर उतरत्या कौलांचं. आढ्याला लागून विटांचं जुनं धुराडं होतं. त्याच्या दरजांमधला भुसभुशीत चुना कोरून काढायचा आणि नवा भरायचा. पुढच्या उतारावर, आढ्याला अडकवलेल्या शिडीवर पाय रोवून, कमरेचा दोर धुराड्याभोवती टाकून, त्यावर मागे रेलून गवंडी छिन्नी चालवत होता. दोर धुराड्यालाच बांधू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरा आधार शोधायचा कंटाळा केला.

ती पाण्यासाठी मागे परसात गेली. सहज वर पाहिलं आणि बादली तिथेच सोडली. धुराड्याच्या बुडाशी, मागच्या अंगाला, आडवी भेग पडली होती. पलीकडून दोर ताणला की भेग आणखी उघडत होती.

"अहो! हात थांबवा!"

"फुटलं का तोंड?" पलीकडून आवाज आला.

"धुराडं बुडातून सुटलंय! तुमच्या अंगावर येतंय. दोरावर रेलू नका."

छिन्नी थांबली. मग अगदी हळू, "गुडघे टेकलेत शिडीवर. पण बाजूला सरकू कसा? कौलांवर पाय ठरायचा नाही."

"तसेच राहा. मी दोर फेकते."

सामानाच्या हातगाडीवरचा जाड दोर तिने परसातल्या झाडाच्या बुंध्याला बांधला, दुसऱ्या टोकाला हातोडी. पहिल्यांदा फेकला तो कौलं खडखडवत परत आला. दुसऱ्यांदा हातोडी धुराड्यावरच आदळली. वरची वीट सुटून तिच्या पायाशी फुटली. तिने डोळे मिटले. आणखी काही पडलं नाही. तिसऱ्यांदा हातोडी आढ्यापलीकडे गेली.

"सापडला?"

"थोडा लांब आहे… आला हाताला."

कमरेला गाठ मारायला त्याला युगं लागली.

"जुना कापू?"

तिने नवा दोर ओढून पाहिला. "कापा!"

त्याने चाकू फिरवला आणि कौलांवर बाजूला अंग टाकलं. त्याच क्षणी विटा करकरल्या आणि धुराडं शिडीसकट खाली गेलं. परसातून तिला धुराड्याच्या जागी नुसतं धुळीने भरलेलं आभाळ दिसलं.

"अहो?"

तिने दोर चाचपला. ताठ होता.

"अहो, बोला ना!"

खोकला आला. "आहे. लोंबकळतोय."

तिने धावत पुढच्या अंगाला जाऊन भिंतीला टेकवलेली दुसरी शिडी त्याच्या पायाखाली लावली. खाली उतरताच तो मट्कन बसला. कमरेची गाठ त्याला सुटेना. तिनेच ती सोडली. मग त्याच्या खांद्यावर एक जोराचा रट्टा घातला आणि तिथेच बसून हमसाहमशी रडली.

संध्याकाळी घरमालकीण कामावरून आली, तेव्हा दोघं शाबूत विटा निवडून रचत होती.

"बाई, चूक माझी," गवंडी म्हणाला. "उद्यापासून नवं बांधायला घेतो."

"उद्या नाही," बायको म्हणाली. "आधी परांची बांधायची. तोवर हा माणूस वर चढणार नाही."