घुमटावरच्या ज्वाळा

मंगळवार पेठेतल्या त्या तालमीचा गणपती म्हटला की सजीव देखावा आलाच, आणि गेली चार वर्षं तो बसवतोय आदर्श. पोरगा हुशार, हातात कला, जिभेवर साखर. पण कौतुकाची चटक लागली की हुशार माणूससुद्धा शेण खातो, ते त्यानं यंदा दाखवून दिलं.

विषय सुचवला अंजनाबाई मगदूम यांनी. शाळेत आदर्शला चित्रकला शिकवणाऱ्या याच बाई; ब्रश कसा धरायचा इथपासून सगळं त्यांच्याकडूनच आलेलं. "बगदाद जाळणारा मंगोल हलाकू समदे दाखवत्यात रं," बाई म्हणाल्या, "फुडचं कुणी दाखवत न्हाय. त्याचा पणतू उल्जायतू इराणात राहिला, तिथल्या कारागिरांच्या कलेफुडं नमला. त्यांच्याकडनं निळ्या फरशांचा केवढा घुमट बांधून घेतला! चित्रांची पुस्तकं करून घेतली. जाळणाऱ्याचं घराणं शिकलं. ह्ये दाखव की."

आदर्श हरखला. पहिल्या भागात आग, दुसऱ्या भागात घुमट, असं ठरलं. घुमटाचा वीस फुटी पडदा बाईंनी स्वतः रंगवला. वयानं हात थरथरायचा, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून तीन महिने रंगवला. "येवढं मोठं काम आता परत माझ्यानं हुणार न्हाय," असंही बोलून गेल्या.

पण सरावाला पेठेतली माणसं बघायला बसली, तर आगीला शिट्ट्या आणि घुमटाला जांभया. तालमीचे अध्यक्ष गणपतराव कडाडले, "आदर्श, लोकं हितं शाळा शिकाय येत्यात व्हय? मारामारी वाढीव. देखाव्यांच्या स्पर्धेत पैला नंबर पायजे!" अरे, एकदा तरी तोंड उघडायचं होतं! नाही उघडलं. दुसरा भाग कापला. आता आगीला मोठा पडदा पाहिजे, आणि मोठा पडदा तर एकच. पेंटर जोतीरामनं ब्रश खाली ठेवला. "बाईंच्या कामावर माझा हात न्हाय चालायचा," म्हणाला आणि घरी गेला. मग आदर्शनंच लाल ऑइल पेंटचा डबा उघडला आणि घुमटावर ज्वाळा काढल्या. छान निघाल्या, न निघायला काय झालं? बाईंनी वळण दिलेला हात होता.

वर बाईंना फोनवर थाप मारली. पावसात पडदा भिजला, रंग उतरला, दुसरा भाग रद्द करावा लागला. बाई उलट त्यालाच समजावू लागल्या, "असूंदे रं. तू मनाला लावून घिऊ नगंस."

गणपती बसले, देखावा सुरू झाला. रोज संध्याकाळी गर्दी टाळ्या वाजवायची आणि आदर्श मांडवामागं जाऊन बसायचा. दोनदा बाईंच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच माघारी फिरला. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. मनाची होती, नव्हती असं नाही. पाय उचलत नव्हता.

गर्दीत जाणं बाईंच्या जिवावर यायचं, म्हणून त्या इतके दिवस फिरकल्या नव्हत्या. आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मात्र मांडवात हजर. काखेत कापडाची गुंडाळी.

"पाच दिवस बसले बघ. पडदा काय जमला न्हाय, चादरीवर काढलाय. ल्हान हाय, पर चालंल. आजपास्नं दुसरा भाग करा."

गुंडाळी सोडली. निळा घुमट होता, रेघ न् रेघ थरथरलेली. आदर्शला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, बसा की, च्या सांगतो," म्हणत तो आडवा उभा राहिला. पण वीस फुटी पडदा माणसाच्या पाठीआड लपतो होय? बाई बाजूनं पुढं गेल्या. लाल ज्वाळांच्या फटीफटीतून निळा रंग दिसत होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"पावसाचं पाणी लाल हुतं व्हय रं?"

आदर्शनं पायच धरले. "मी केलं, बाई. दुसऱ्या कुणी न्हाय, मीच. नंबरापायी केलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. मारा मला."

बाईंनी पाय मागं घेतले. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर पोराला बरं वाटलं असतं. "त्या उल्जायतूला शिकवणारी माणसं परकी हुती, तरी त्यो शिकला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला तर मी शिकीवलं. म्हंजे माझंच शिकवणं कुटंतरी कमी पडलं."

"तसं म्हणू नगासा, बाई! ही चादर द्या. आज लावतो. नंबर गेला तरी लावतो!"

बाई चादर गुंडाळत होत्या. "नगं. चादरच हाय ती. धुऊन अंथरीन," म्हणाल्या आणि मांडवाबाहेर पडल्या.

आदर्श उठून मागं धावणार, तोच गणपतराव मोबाइल नाचवत आत घुसले. "पैला! आरं आदर्श, पैला नंबर!" पोरांचा लोंढाच आला. ताशा कडकडला, गुलाल उडाला, आणि कुणी काय बोलायच्या आत आदर्श त्यांच्या खांद्यावर होता.

"सोडा! खाली सोडा मला!" तो बोंबलत होता. त्या गोंगाटात कोण ऐकतंय? वरून त्याला रस्ता सरळ दिसत होता. बाई रिक्षात बसल्या, आणि रिक्षा निघाली. आदर्शनं हंबरडा फोडला. खालची पोरं एकमेकांना सांगू लागली, "बघा रं, गडी आनंदानं रडतोय."